पाऊण इंचाचं तोंड

पार्किंगमध्ये अंथरलेल्या ताडपत्रीवर पाऊण इंची नळ्या एकोणतीस होत्या, अर्धा इंची सोळा आणि एक इंची बारा. प्रत्येक नळी तीन मीटरची, फिकट पिवळसर रंगाची. शेजारच्या पोत्यात आठ नळ, आठ कॉक, वळणांसाठी सत्तेचाळीस एल्बो, आणि पाऊणवरून अर्ध्यावर उतरणारे सहा रिड्यूसर. ऋतुजाने सगळं दोनदा मोजलं. एक इंची नळ्या तेवढ्या जास्त होत्या. हौदावरच्या पंपापासून गच्चीतल्या टाकीपर्यंत चढणाऱ्या लाइनीला सहा पुरल्या असत्या.

"दुकानदार गठ्ठा फोडत न्हाय म्हणला," अप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ दे की. जिन्याखाली पडतील."

ऋतुजाला ते पटलं. अप्पा, म्हणजे तिचे वडील जोतिराम, मार्केट यार्डात अठ्ठावीस वर्षं हिशेबनीस होते. त्यांच्या हातून कधी दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता. निवृत्त झाल्यावर ते इमारतीचे सेक्रेटरी झाले. सगळे त्यांना जोतिअण्णा म्हणायचे आणि सह्या न वाचता करायचे.

जुळे सोलापुरातली ती इमारत तळमजला धरून चार मजल्यांची, मजल्याला दोन घरं. महापालिकेचं पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येई आणि खालच्या हौदात साठे. मग पंप लावून गच्चीतली पाच हजार लिटरची टाकी भरायची, आठही घरांनी आपापले पिंप मांडायचे, आणि गच्चीवरचा मोठा कॉक उघडला की आठही नळ एकदम सुटायचे. टाकी रिकामी होईपर्यंत ज्याच्या पिंपात जेवढं पडेल तेवढं त्याचं. पुढल्या पाण्यापर्यंत त्यातच भागवायचं. टाकीत पाणी राखून दिवसभर पुरवायचा प्रयोग एकदा झाला होता, पण पहाटे उठून कोणीतरी कॉक फिरवला आणि तो प्रयोग तिथेच संपला.

ऋतुजा भौतिकशास्त्र शिकलेली. वर्षभरापासून ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींच्या पाण्याच्या लाइनी काढत होती. तिथल्या पुस्तकात लिहिलेलं असे की सगळे नळ एकाच वेळी उघडे असण्याची शक्यता फार थोडी, म्हणून नळी त्या हिशेबाने बारीक चालते. ते वाचून तिला पहिल्यांदा हसू आलं होतं. पुस्तक लिहिणारा पाण्याच्या दिवशी सोलापुरात कधी आलाच नसणार.

इमारतीच्या जुन्या लोखंडी नळ्या तोडल्या तेव्हा आत पांढऱ्या क्षाराचे थर निघाले. इंचाच्या नळीत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. नव्या नळ्या प्लॅस्टिकच्याच हव्यात, म्हणजे त्यात क्षार सहजी धरणार नाही, आणि गच्चीवरच्या उघड्या तुकड्यांना पांढरा रंग द्यायचा, नाहीतर उन्हाने तडकतील, हे तिने सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. खरा प्रश्न जाडीचा होता. टाकी वर असल्यामुळे तळमजल्याला पाण्याचा जोर जास्त आणि वरच्यांना कमी. सगळ्यांना सारखी नळी दिली तर खालची पिंपं भरून वाहतील आणि वरची अर्धी राहतील. म्हणून ऋतुजाने प्रत्येक मजल्यासाठी नळ्यांची वेगळी जोडणी काढली. तिसऱ्या मजल्याला सगळी पाऊण इंची. त्याखाली जसजसं उतरावं तसतसा शेवटचा काही भाग अर्धा इंची, दुसऱ्या मजल्याला थोडा, तळमजल्याला सर्वांत लांब. गच्चीवर टाकीपाशी मात्र आठही लाइनींची तोंडं पाऊण इंचाचीच. आठ घरं, प्रत्येकी मिनिटाला चोवीस लिटर. टाकी सव्वीस मिनिटांत रिकामी.

सभा पार्किंगमध्येच झाली. तळमजल्यावरच्या अक्कम्मा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बिड्या वळत होत्या. सुपातली पानं त्यांनी सभेलाही सोडली नव्हती.

"म्हणजे सगळ्यांत बारीक पाईप मला," त्या म्हणाल्या. "का गं अम्माई? मी काय तुझं घोडं मारलं?"

"बारीक नाही, अक्कम्मा. तुमच्याकडे जोर जास्त आहे, म्हणून."

"जोर देवानं दिला. तो तू काढून घेणार."

लोक हसले. तिसऱ्या मजल्यावरचे शिवयोगी सर, शाळेतून निवृत्त झालेले, म्हणाले, "देवानं तुम्हाला खाली ठेवलं अक्कम्मा, आम्हाला वर. त्यात तुमची काय कमाई?"

"आणि तुमची काय हो सर? लिफ्ट नाही म्हणून रोज रडता."

ऋतुजा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. कागदावर चार मजले काढून तिने सगळं समजावलं. तुमचं पिंप आणि सरांचं पिंप एकाच वेळी भरेल, ना तुमचं आधी, ना त्यांचं. अक्कम्मांनी कागदाकडे पाहिलंच नाही. त्या ऋतुजाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"माझ्या घरात सहा माणसं. आत्ता मला जेवढं मिळतं त्यातलं मी सोडायचं. का, तर तू म्हणतेस म्हणून. तुझ्या घरी किती येणार?"

"तेवढंच. चोवीस लिटर. माझा शब्द."

"मग लिही," अक्कम्मा म्हणाल्या आणि बिडीला दोरा गुंडाळू लागल्या. "कागदाचं मला कळत नाही. तुझ्यावर नम्मकम ठेवते."

हा त्यांचा तेलुगू शब्द इमारतीत सगळ्यांना ठाऊक होता. विश्वास टाकला की त्या तो वापरायच्या, आणि तसं क्वचितच व्हायचं.

त्या महिन्यात अप्पा रोज जेवताना विचारायचे, "आज काय शिकलीस पाण्याचं?" ऋतुजाला हे फार आवडायचं. आई, केराबाई, दोन मिनिटांत जांभई द्यायची. ऑफिसातल्यांना उत्तर हवं असायचं, कारण नको. अप्पा मात्र भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत. मधे प्रश्न विचारत, आणि ते प्रश्न चांगले असत.

"एक सांग," एके दिवशी ते म्हणाले, "तोंड बारकं ठिवलं आन् पुढं नळी मोठी केली, तर पाणी तोंडाएवढंच येणार न्हवं?"

"नाही ना! तिथेच सगळे फसतात." ती उत्साहाने सरसावून बसली. "पाणी अडतं ते लांबीमुळे. बारीक तुकडा हातभर असेल तर फारसं बिघडत नाही. पुढे दहा-पंधरा मीटर मोठी नळी असली की पाणी जवळजवळ मोठ्या नळीएवढंच."

"अरे वा. म्हणजे वरनं बघून कळायचंच न्हाय."

"अजिबात नाही."

"आमची पोरगी लई हुशार," अप्पा आईला म्हणाले आणि त्यांनी अजून थोडी आमटी घेतली.

प्लंबर सोमलिंग अक्कलकोटचा. त्याने मागच्या भिंतीत खाचा पाडून आठ लाइनी उतरवल्या आणि वरून गिलावा केला. ऋतुजा संध्याकाळी येऊन पाही, पण दिवसभराच्या कामावर अप्पाच उभे असत. शेवटी सोमलिंगने गच्चीवरच्या आठ तोंडांना पांढरा रंग दिला. रंगवलेली ती आठ एकसारखी तोंडं ओळीने पाहून ऋतुजाने फोटो काढला आणि ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवला.

पहिल्या पाण्याला टाकी बावीस मिनिटांतच संपली. नळ्यांत हवा असेल, तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या पाण्यालाही बावीस. कॉक उघडायला ती स्वतः गच्चीवर असायची, घड्याळ हातात धरून. पिंपं भरली का असं विचारलं की लोक म्हणत, भरली की, पण काठाला जरा कमी राहतं.

तिसऱ्या पाण्याला तिने दहा लिटरची बादली घेतली.

"तू माप. कॉकापाशी मी थांबतो," अप्पा म्हणाले. "आपलं घर कशाला मोजतीस? लोकांचं आधी बघ, त्यांच्या मनात शंका नको."

ती तळमजल्यापासून सुटली. प्रत्येक घरात नळाखाली बादली धरायची, वेळ घ्यायची, बादली पिंपात ओतायची आणि पळायचं. अक्कम्मांकडे पंचवीस सेकंद, म्हणजे बरोबर चोवीस लिटर. समोर पंचवीस. पहिल्या मजल्यावर चोवीस आणि पंचवीस सेकंद. दुसऱ्या मजल्यावर आधी स्वतःच्या घरासमोरचं दार, मग तसंच वर शिवयोगी सरांकडे आणि त्यांच्या शेजारी. सगळीकडे सेकंदभराचाच फरक. इतकं चोख उत्तर तिला आयुष्यात आलं नव्हतं. ती स्वतःच्या दारात पोचली तेव्हा नळ गुरगुरून थांबला होता.

त्या संध्याकाळी ती हिशेबाला बसली. सात घरांचं माप बरोबर, मग टाकी चार मिनिटं आधी का संपते? बावीस मिनिटांत सात घरांनी घेतलं तीन हजार सातशे लिटर. टाकी पाच हजारांची. उरलेले तेराशे, म्हणजे मिनिटाला जवळजवळ साठ लिटर, कुठे गेले? गळती म्हणावी तर एवढ्या पाण्याने भिंत फुगली असती. तिने खाली जाऊन टॉर्चने मागची भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. भिंत खडखडीत कोरडी होती. टाकीचं माप तिने पुन्हा घेतलं. पाच हजारच.

मग तिच्या लक्षात आलं की कागदावरचं एक माप तिने घेतलेलंच नव्हतं. आठव्या घरापुढे तिने चोवीस लिहून टाकले होते. आपलंच घर म्हणून. घरची पिंपं आई भरायची, ती ऋतुजाने कधी मोजली नव्हती.

तिने सोमलिंगला फोन लावला. आमच्या लाइनीत आत कुठली नळी घातली आहे, एवढंच विचारलं.

"एक इंची की ताई," तो सहज म्हणाला. "वरचं तोंड सोडून खालपतूर एक इंची."

"कोणी सांगितलं?"

"तुमचाच निरोप न्हवं का? अण्णा म्हणले, ऋतुजानं गणित पुन्यांदा केलंय, आपल्या लाइनीला एक इंची लागतंय. मी म्हणलं, ताईचं गणित हाय म्हणल्यावर आपण कोण बोलणार? का? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली.

अप्पा बाहेरच्या खोलीत ज्वारी निवडत बसले होते. ताटातल्या खड्यांची एका कडेला छोटी रास झाली होती.

"अप्पा, आपल्या लाइनीत एक इंची नळी आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "हाय."

ते नाकारतील असं तिला वाटलं होतं. त्यासाठी तिने मनात आकडे तयार ठेवले होते. आता त्यांचा काही उपयोग राहिला नाही.

"का?"

"तुज्या आईला इचार. अकरा वर्सं आपल्या घराला पाण्याची धार नव्हती. दोन मजले चढून तिनं खालनं घागरी आणल्या. तेव्हा ही अक्कम्मा खाली पिंपं वाहूपतूर भरायची आन् अंगण धुवायची. कुणी म्हणलं का, केराबाई, घे एक घागर? गुडघे गेले तिचे. तुज्या गणितात गुडघे कुटं बसतात?"

"मग सभेत सांगायचं. आपल्याला जास्त हवं, असं बोलायचं."

"बोललो असतो तर दिलं असतं व्हय कुणी?"

"म्हणून माझं नाव घेतलंत."

अप्पांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुज्या नावाला लोक मानतात."

"आणि रोज जेवताना मला विचारत होता, ते?"

ऋतुजाला त्या महिन्यातली सगळी जेवणं आठवली. हातात धरलेला भाकरीचा तुकडा, मधेच विचारलेले ते चांगले प्रश्न. त्यातला कुठला प्रश्न नुसत्या उत्सुकतेचा होता आणि कुठला नव्हता, हे आता कशानेही वेगळं करता येणार नव्हतं.

"मी अक्कम्मांना शब्द दिलाय अप्पा. त्यांनी स्वतःचं पाणी सोडलं त्या शब्दावर. दर पाण्याला प्रत्येक घराच्या सहा घागरी आपण ओढतोय."

अप्पा उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं. चुकलं माजं. सोमलिंगला बोलवतो आन् पुढल्या पाण्याआधी बदलून घेतो. तुज्या गळ्याची आण."

तिने रात्रीच हिशेब मांडून दिला. सगळी लाइन उखडायची गरज नाही. घरातल्या भिंतीत शेवटची साडेपाच मीटर अर्धा इंची घातली की पुन्हा चोवीसवर येतं. अप्पांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

दोन दिवसांनी ती ऑफिसातून आली तर बाथरूमच्या भिंतीवर छतापासून नळापर्यंत ओल्या सिमेंटचा पट्टा होता. अप्पांच्या नखांत सिमेंट होतं. त्यांनी वीतभर लांबीचा एक इंची तुकडा तिच्या हातावर ठेवला.

"घे. निघाली बघ. आता झोप निवांत."

ती त्यांना बिलगली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. आई ओट्याशी पाठ करून भाकरी थापत होती.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा अक्कम्मांकडे गेली.

"अक्कम्मा, आमची लाइन चुकीची बसली होती. आम्हाला जास्त पाणी येत होतं. काल बदलली."

अक्कम्मांची बोटं बिडीवर थांबली. "चुकीची बसली, का बसवली?"

ऋतुजाने खाली पाहिलं.

"बरं, राहू दे," अक्कम्मा म्हणाल्या. "बाप आहे तुझा. पण मला कसं कळणार आता बरोबर झाली म्हणून? तू सांगतेस म्हणून? ते तर मागे पण सांगितलं होतंस."

हे ऋतुजाला लागलं, पण खोटं नव्हतं. "येत्या पाण्याला तुम्ही आमच्याकडे या. बादली तुमची. मोजायचंही तुम्ही."

"मी मोजू?"

"मोजता येतं ना?"

"अगं, बिड्या हजारानं मोजते मी! कारखान्यातला मुकादम चुकतो, मी नाही." मग त्या थोड्या हसल्या. "येते. पण चहा कर चांगला. तुझी आई पाणचट करते."

पाण्याच्या दिवशी शिवयोगी सर कॉकापाशी गच्चीवर गेले. अक्कम्मा दोन मजले चढून, धापा टाकत, स्वतःची दहा लिटरची निळी बादली घेऊन आल्या. अप्पा वर्तमानपत्र वाचत होते. अक्कम्मांना दारात पाहून ते उठून उभे राहिले.

"या की अक्कम्मा. आज हिकडं कशा?"

"तुमच्या घरचं पाणी बघायला आले. पोरीनं बोलावलं."

अप्पांनी ऋतुजाकडे पाहिलं. "मला बोलली न्हाईस."

"तुम्हाला कशाला सांगायचं अप्पा? बदललंय ना आता."

"बदललंय की. पण बसा तर आधी अक्कम्मा. केरा, चहा टाक गं. पाणी काय पळून जातंय का?"

"पाणीच तर पळतं जोतिअण्णा," अक्कम्मा म्हणाल्या. "बावीस मिनिटांत."

वरून सरांची हाक आली, "सोडतोय!" आणि भिंतीतून सरसर आवाज उतरला. ऋतुजा बाथरूमकडे वळली तर अप्पा दारात उभे होते. एक हात चौकटीवर.

"आज ऱ्हाऊ दे, बाळा. सिमेंट अजून कच्चं हाय. पुढल्या पाण्याला बघू."

"नळ उघडल्याने सिमेंटला काही होत नाही."

"म्हणतोय ना मी, ऱ्हाऊ दे."

ऋतुजा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मागे अक्कम्मा बादली घेऊन उभ्या होत्या. चौकटीवरचा हात हलत नव्हता.

आई स्वयंपाकघरातून आली. गुडघ्यावर हात ठेवत, भिंतीच्या आधाराने. ती अप्पांच्या समोर येऊन थांबली.

"सरा," ती म्हणाली. "बघू द्या तिला."

"केरा, तू गप..."

"सरा म्हणते न्हवं."

अप्पांनी हात काढला. ते बाजूला झाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

अक्कम्मांनी बादली नळाखाली मांडली. ऋतुजाने मोबाइलवर घड्याळ लावलं. "बादली काठोकाठ भरली पाहिजे," ती म्हणाली. "पंचवीस मोजून व्हायला हवेत. कमी नाही."

"पंचवीस," अक्कम्मा म्हणाल्या. "उघड."

ऋतुजाने नळ पूर्ण फिरवला. अक्कम्मा कमरेवर हात ठेवून, पाण्यावर नजर लावून, आपल्या भाषेत संथ मोजू लागल्या. "ओकटी. रेंडू. मूडू." पाण्याचा आवाज मोठा होता, त्यामुळे त्यांनाही आवाज चढवावा लागला.

पाणी काठावरून सांडलं तेव्हा त्या थांबल्या. ऋतुजाने घड्याळ थांबवलं.

दहा लिटर, दहा सेकंद. मिनिटाला साठ लिटर.